छिन्नी न चालणारा दगड

जुनी चिनी जेडची वस्तू पाहिली की कारागिराने ती छिन्नी-हातोडीने कोरली असेल, असंच वाटतं. पण या दगडापुढे छिन्नीचं काही चालत नाही. प्राचीन चीनचं जेड म्हणजे नेफ्राइट. मोह्सच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक 6 ते 6.5, म्हणजे साध्या गारगोटीपेक्षाही खालचा. पण काठिण्य वेगळं आणि चिवटपणा वेगळा. हिरा सर्वांत कठीण, तरी हातोडीच्या घावाने फुटतो. नेफ्राइटमधले खनिजाचे सूक्ष्म तंतू नमद्यातल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तडा सरळ पुढे सरकतच नाही.

मग उरतो एकच मार्ग, झिजवण्याचा. खरं काम करते ती ओली वाळू. दोरी, बांबूची नळी किंवा नंतरच्या काळातली लोखंडी चकती ही फक्त वाळू फिरवणारी साधनं. चकती पायट्यावर चालायची. कारागीर एका हाताने जेड धरी आणि दुसऱ्याने वाळू घाली.

हांगचौजवळच्या ल्यांगचू संस्कृतीकडे, सुमारे 5,000 वर्षांपूर्वी, चकती तर सोडाच, धातूची हत्यारंही नव्हती. तरी 1986 मध्ये फानशानच्या 12 क्रमांकाच्या थडग्यात साडेसहा किलोचा ‘त्सोंग’ सापडला: बाहेरून चौकोनी, आत गोल भोक. अशी भोकं नळीने दोन्ही टोकांकडून पाडत. मध्यावर नेम जरा चुकला की आत कंगोरा राहतो. अनेक त्सोंगांत तो आजही दिसतो. त्सोंगावर कोरलेल्या मुखवट्यांच्या केसासारख्या रेघा मात्र टोकदार दगडाने, पुन्हा पुन्हा ओरखडून काढलेल्या.

चिएनलुंग सम्राटासाठी 1787 मध्ये पूर्ण झालेला ‘दा यू’चा (पूर आवरणारा दंतकथेतला राजा) जेड-डोंगर, म्हणजे डोंगराच्या आकाराचं जेडचं शिल्प, पाच टनांहून जड आहे. नमुना आधी मेणाचा केला, पण जिथे कोरकाम व्हायचं होतं त्या यांगचौ शहराच्या उन्हाळ्यात तो वितळेल म्हणून लाकडाचा करावा लागला! भव्य खरा, पण माझं मत विचाराल तर कसब त्सोंगात जास्त आहे.

अस्सल-नकली ठरवतानाही हे झिजवणंच कामी येतं. रंग, डाग, जुनाट झाक हे सगळं नक्कल करणारा आणू शकतो. म्हणून अभ्यासक खाचेचा सिलिकॉनचा ठसा घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोरीने कापलेल्या पृष्ठावर कमानदार वळ्या उठतात, चकतीची खाच दोन्ही टोकांना उथळ होत जाते, आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या आधुनिक ड्रिल-बिटचे चरे या दोन्हींपेक्षा निराळे असतात.