जननेंद्रियांची गर्भातली घडण

गर्भ राहिल्यावर पहिले सहाएक आठवडे पोट्टा असो की पोट्टी, जननेंद्रियांचा कच्चा माल दोघांचा एकच असतो, फरक पडायला लागतो तो सातव्या आठवड्यापासून. इथले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत. आशाताईच्या कार्डावर हिशोब शेवटच्या पाळीपासून धरतात, म्हणून तिथं दोन आठवडे जास्त दिसतात.

लिंगाचा निकाल मात्र गर्भ राहतानाच लागलेला असतो, शुक्राणूत एक्स क्रोमोसोम आहे की वाय त्यावरून. आईकडून एक्सच येतो. लागोपाठ पोट्ट्या झाल्या म्हणून सुनेला बोलणं चुकीचं आहे, हे कितीदाही सांगावं लागलं तरी सांगायलाच पाहिजे.

जननपेशी (ज्यांच्यापासून पुढं शुक्राणू किंवा बीजांडं होतात) मुळात जननग्रंथीत, म्हणजे वृषणात किंवा अंडाशयात, तयार होतच नाहीत. चौथ्या आठवड्यात त्या पीतककोशाच्या (गर्भाला जोडलेल्या पिशवीच्या) भिंतीत असतात, तिथून आतड्याच्या पडद्यातून सरकत पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाठीकडच्या जनन-कंगोऱ्यात (जिथं पुढं जननग्रंथी होते त्या उंचवट्यात) पोचतात. तिथं वायवरचा एसआरवाय जीन (ओळख पटली १९९० मध्ये) चालू झाला की वृषण बनतं, त्यातल्या सर्टोली नावाच्या पेशी एएमएच हे संप्रेरक सोडतात, त्यानं सुरुवातीला दोघांतही असणाऱ्या दोन प्रकारच्या नळ्यांपैकी म्युलेरियन नळी जिरते, आणि आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दुसरी, म्हणजे वुल्फियन नळी टिकवून धरतं, तिच्यापासून शुक्रवाहिनी वगैरे होतात. पोट्टीत उलट, म्युलेरियन नळ्यांपासून गर्भनलिका आणि गर्भाशय होतात. बाहेरचे अवयव साधारण बाराव्या आठवड्यात ओळखू येतात.

आल्फ्रेड जोस्ट या शास्त्रज्ञानं १९४७ च्या सुमारास सशाच्या गर्भातल्या जननग्रंथी काढून पाहिल्या, तर सगळ्या पिल्लांत मादीच्याच नळ्या वाढल्या. त्यावरून 'काही केलं नाही तर मादी' असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. पण अंडाशय घडायलाही डब्ल्यूएनटी-४, आरएसपीओ-१ असे जीन लागतात, आणि २०१७ मध्ये उंदरांत दिसलं की वुल्फियन नळी आपोआप जात नाही, मादी गर्भाच्या शरीराला ती मुद्दाम काढावी लागते, त्यामुळे जुनं वाक्य आता जसंच्या तसं वापरू नये.

खरा वाद योनीमार्ग कशापासून बनतो याचा आहे. कॉफ या संशोधकानं १९३३ मध्ये वरचा चार-पंचमांश भाग म्युलेरियन आणि खालचा एक-पंचमांश मूत्र-जनन कोटराचा (गर्भातली पोकळी, जिच्यापासून मूत्राशय, मूत्रमार्ग होतात) असं मांडलं, आणि पुष्कळ पाठ्यपुस्तकांत तेच राहिलं. दुसरे संशोधक बल्मर यांनी १९५७ मध्ये म्हटलं की आतलं अस्तर पूर्णच कोटरातून वर चढतं आणि म्युलेरियन पेशींची जागा घेतं. उंदरात अस्तर म्युलेरियनच निघालं, म्हणून कॉफचं पारडं काही काळ जड वाटलं, पण मानवी गर्भाच्या ऊतींवरचं अलीकडचं काम बल्मरच्या बाजूनं जातं आणि इथंही तेच मत जास्त पटतं. उंदरावरून माणसाचं ठरवताना इथं सांभाळूनच राहावं लागतं. भिंतीचा स्नायू मात्र म्युलेरियन, याबद्दल फारसा वाद नाही.

सुश्रुतसंहितेत (काळाबद्दल एकमत नाही, इसवी सनाच्या आधीची काही शतकं ते नंतरची काही शतकं असा पल्ला देतात) दुसऱ्या महिन्यात गर्भ पिंडासारखा (गोळ्यासारखा) असेल तर पुरुष, पेशीसारखा (इथं अर्थ लांबट मांसासारखा) असेल तर स्त्री, अर्बुदासारखा (गाठीसारखा) असेल तर नपुंसक असं आहे. चरकसंहितेत फरक दिसायच्या आधी पुंसवन (पोट्टा व्हावा म्हणूनचा विधी) करायला सांगितलंय. पोट्टा व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जडीबुटी द्यायची समजूत अजून आहे, पण तोवर क्रोमोसोम ठरून गेलेले असतात, औषधानं ते बदलत नाहीत. उलट त्यात पुरुषी संप्रेरक असलं तर पोट्टीच्या बाहेरच्या अवयवांची घडण बिघडू शकते.

वृषण पोटातच तयार होतात आणि सातव्या महिन्याच्या आसपास जांघेतून खाली उतरायला लागतात. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण तीन पोट्ट्यांत जन्मताना एक तरी उतरलेलं नसतं, कमी दिवसांच्यात हे प्रमाण बरंच जास्त. गारठ्यात किंवा थंड हात लागला तर उतरलेलं वृषणही वर ओढलं जातं, म्हणून सिस्टर हात गरम करून, पोर शांत असताना तपासतात. 'मोठा झाला की उतरीन' म्हणून शाळेत जाईपर्यंत थांबतात ते बरोबर नाही, सहा महिन्यांपर्यंत आपोआप उतरलं नाही तर पुढं उतरायची शक्यता फार कमी, आणि ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हायला हवं.