एचआरटी: धोका किती, आणि कोणाला?

जुलै 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या बायकांच्या आरोग्यावरच्या मोठ्या अभ्यासातली एक चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन हॉर्मोनची एकत्र गोळी रोज घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग 26 टक्के जास्त आढळला होता. बातमी जगभर झाली आणि असंख्य बायकांनी हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी (एचआरटी), म्हणजे पाळी थांबल्यावर शरीरात कमी पडणारी हॉर्मोन बाहेरून देण्याचा उपचार, सोडून दिली. हृदयाला फायदा होईल म्हणून डॉक्टर जी गोळी लिहून देत होते, ती हृदयालाही मानवली नव्हती.

आकडा खरा होता, पण 26 टक्के कशाचे? गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला साधारण 30 जणींना हा कर्करोग होत होता. घेणाऱ्यांत 38 जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. पक्षाघात आठ जणींना जास्त, फुप्फुसात रक्ताची गुठळी आठ जणींना, हृदयविकार सात जणींना. दुसऱ्या पारड्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग सहा जणींना कमी, खुब्याचं हाड मोडणं पाच जणींना कमी. अर्थात हा एका वर्षाचा हिशेब आहे. गोळी चालू राहिली तर तो वाढत जातो, त्यामुळे ‘फक्त आठच की’ म्हणून हात झटकणंही बरोबर नाही.

बातम्यांत जवळजवळ हरवलेली गोष्ट होती वयाची. चाचणीतल्या 16,608 बायकांचं सरासरी वय होतं 63. घामाच्या लोंढ्यांनी आणि उडालेल्या झोपेने हैराण होऊन बाई दवाखान्यात येते ती साधारण पन्नाशीच्या आसपास. साठी ओलांडलेल्या बाईच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर बरेचदा आधीच साचलेले असतात. तिथे नव्याने इस्ट्रोजेन पोचणं आणि तुलनेने निरोगी रक्तवाहिन्यांत ते चालू राहणं, या दोन गोष्टी वेगळ्या असाव्यात, असं आज बरेच संशोधक मानतात. म्हणूनच साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर पारडं सहसा फायद्याकडे झुकतं, असा सल्ला दिला जातो.

मग प्रोजेस्टिन घालायचंच कशाला? कारण नुसतं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. 1970च्या दशकात हे स्पष्ट झालं होतं. गर्भाशय काढलेल्या बायकांना ही अडचण नाही. अशा 10,739 जणींवर नुसत्या इस्ट्रोजेनची वेगळी चाचणी झाली. तीही पक्षाघात वाढल्यामुळे 2004 मध्ये थांबली, पण स्तनाचा कर्करोग मात्र वाढला नाही. पुढच्या पाठपुराव्यात तो कमीच दिसला. ‘एचआरटीने कर्करोग होतो’ हे सरसकट विधान इथेच लंगडं पडतं. पूर्ण खोटं मात्र नाही: 2019 मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं दोन्ही हॉर्मोन रोज घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत दर 50 जणींमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कर्करोग होतो, असा त्यातला अंदाज होता. मला वाटतं, निर्णय घेताना हाच आकडा समोर ठेवावा.

गुठळ्यांचं प्रकरण निराळं आहे. गिळलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि रक्त गोठवणारे घटक तिथेच तयार होतात, ते वाढतात. त्वचेवर लावलेल्या पॅचमधून किंवा जेलमधून ते थेट रक्तात उतरतं, यकृताला एवढा डोस एकदम मिळत नाही. नेहमीच्या मात्रेत पॅचमुळे गुठळ्यांचा धोका वाढल्याचं निरीक्षणांत आढळलेलं नाही.

दोन्ही चाचण्यांतल्या बायकांचा 18 वर्षं पाठपुरावा झाला. गोळी घेतलेल्यांपैकी 27.1 टक्के दगावल्या, न घेतलेल्यांपैकी 27.6 टक्के, म्हणजे फरक नाहीच.

चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा अंडाशय काढावे लागलेल्या तरुण बाईला मात्र हे आकडे लावू नयेत. तिच्या वयाच्या इतरांच्या शरीरात असतं तेच हॉर्मोन तिला बाहेरून द्यायचं असतं आणि ते न दिल्यास हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकारही लवकर गाठू शकतो. तसं काही कारण आड येत नसेल, तर रजोनिवृत्तीचं सर्वसाधारण वय येईपर्यंत तिला डॉक्टर हॉर्मोन चालू ठेवायला सांगतात.