मानसिक आजार : निदान, उपचार आणि संमतीवाचून प्रवेश (गोवा)

मनाचा आजार गोव्यात बहुधा शरीराचे नाव घेऊन दवाखान्यात येतो. पेडणे किंवा सत्तरीच्या आरोग्य केंद्रात अंगदुखी, उडालेली झोप, छातीतली धडधड सांगितली जाते. ‘मला उदास वाटते’ असे म्हणणारा विरळा. बायकांच्या अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंधही गोव्यातील पाहणीत जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट आढळला. बाळंतपणानंतरचे नैराश्य तर घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात सुमारे २३ टक्के मातांमध्ये ते दिसले. मुलगी होणे, नवऱ्याची मारहाण आणि गरिबी यांनी धोका वाढत होता.

म्हणून निदानाचे मुख्य साधन म्हणजे धीराने विचारलेले प्रश्न. खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली, की नैराश्याचा विचार करतात. नऊ प्रश्नांच्या ‘पीएचक्यू-९’ चाचणीत २७ पैकी १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी हवी. नुसते गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉईड, रक्तक्षय आणि दारू यांचीही चौकशी करावी लागते. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसे गमावली जातात.

सौम्य ते मध्यम आजाराला बोलण्याचा उपचार पुष्कळदा पुरतो आणि तो देण्यासाठी प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच लागतो असे नाही, हे जगाला दाखवण्यात गोव्याचा मोठा वाटा आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेने वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. सरकारी आरोग्य केंद्रांतील त्यांच्या कामाचा रुग्णांना फायदा झाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत दिसले. पुढे तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकींची पद्धत तपासली गेली. तिचे सूत्र साधे : सुटलेली कामे थोडीथोडी परत धरायची, मग ते तुळशीला पाणी घालणे असो वा देवळातल्या भजनाला जाऊन बसणे. फ्लुऑक्सेटिन, एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवतात. अनेकजण नेमके तिथेच सोडतात. देवाला कौल लावणे, दृष्ट काढणे याने औषधाच्या आड येण्याचे कारण नाही. मात्र माणसाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे, मग ते कुठेही असो.

पणजीच्या आल्तिनोवरील जुन्या मनोरुग्णालयाला कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया (१७५६–१८१९) यांचे नाव होते. संमोहनाची शक्ती संमोहकात नसून समोरच्याच्या मनात असते, असे सांगणारा हा माणूस. १९८० मध्ये त्या रुग्णालयातून आजची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था घडली. ती बांबोळीला आहे.

रुग्णाच्या संमतीवाचून प्रवेश हा अपवाद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ८९ तो ‘साहाय्यित प्रवेश’ म्हणून देते. त्यासाठी रुग्णाने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरलेल्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, आणि दोघांनी रुग्णाची स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा किंवा स्वतःची काळजी घेण्याची धोकादायक असमर्थता, यांपैकी काही अलीकडेच दिसलेले असावे. मुदत ३० दिवसांची. पुढे ठेवायचे तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचे मत आणि या कायद्याने नेमलेल्या पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी हवी. मंडळाला प्रवेशाची खबर सात दिवसांत द्यावी लागते. स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत. रुग्ण स्वतःही मंडळाकडे दाद मागू शकतो, आणि हे त्याला कुणीतरी समजेल अशा भाषेत सांगायला हवे. कोकणीत किंवा मराठीत सांगितले नाही तर हक्क कागदावरच राहतो.

तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कमाल ७२ तास उपचार देऊ शकतो. रस्त्यावर भटकणारी, असहाय व्यक्ती आढळल्यास पोलिसांनी तिला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. शेजाऱ्यांशी भांडण, घरच्यांना न पटलेले लग्न, पूर्वी कधी घेतलेले उपचार यांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मालमत्तेच्या वादात ‘पिसो’ (वेडा) हा शब्द किती सहज वापरला जातो, हे पाहता ही तरतूद मोलाची आहे.

मुदत संपते, माणूस सावरतो, पण न्यायला कुणी येत नाही, असेही घडते. घर नाही किंवा घरचे नाकारतात, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे कलम १९ सांगते. अशांसाठी वस्तीतली निवाऱ्याची सोय करणे ही सरकारची जबाबदारी आहे. मोफत सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’ १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.