ताडोब्यात चितळ-सांबरांची संख्या अभ्यासायची आहे? परवानगीचा अर्ज असा करा

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचे असतील, तर वनविभागाकडे नोंदणी केली की झाले. पण त्या मोजणीतून चितळांची एकूण संख्या निघत नाही. एकच कळप रात्रीत दोनदा येतो, आणि जे आलेच नाहीत त्यांचा हिशेब लागत नाही. संख्या आणि वावर नीट अभ्यासायचा असेल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली परवाना हवा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्य, दोन्हींना हे कलम लागू आहे.

परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. महाराष्ट्रात हे अधिकार नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांकडे (वन्यजीव) आहेत. अर्जाची प्रत चंद्रपूरला क्षेत्र संचालकांनाही द्या. कलमात पदवीची अट नाही, तरी अर्ज विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेमार्फत केलेला बरा. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांचे पत्र जोडावे. सोबत संशोधन प्रस्ताव, चमूतील प्रत्येकाचे ओळखपत्र, कामाच्या जागेचा नकाशा, वेळापत्रक आणि नियम पाळण्याचे हमीपत्र ठेवा.

सर्वाधिक मेहनत प्रस्तावातल्या ‘पद्धत’ या भागावर घ्या. ‘जिप्सीतून फिरून मोजू’ असे लिहू नका. रस्त्याकडेच्या गवतावर चितळ जमतात, बुजरे सांबर गाडीपासून लांब राहते. आकडा दोन्हीकडून चुकतो. त्याऐवजी ट्रान्सेक्ट लाइन सुचवा. व्याघ्रगणनेत वनरक्षक अशाच दोन किलोमीटरच्या सरळ रेषा सकाळी पायी चालतात. कळप दिसला की त्यातले प्राणी मोजायचे, रेंजफाइंडरने अंतर आणि कंपासने कोन घ्यायचा. लांबचे प्राणी जास्त सुटतात. किती सुटले असतील, हे या अंतरांवरूनच काढता येते. भरवशाच्या अंदाजासाठी प्रत्येक प्रजातीच्या साधारण ६० ते ८० नोंदी लागतात. बांबूच्या दाटीत सांबराच्या तेवढ्या मिळायला बरेच चालावे लागते, म्हणून फेऱ्यांची संख्या आधीच वाढवून लिहा. कोणत्या भागात वावर किती, यासाठी ठरावीक चौकटींतल्या लेंड्यांची नोंदही उपयोगी पडते.

लेंड्या प्रयोगशाळेत न्यायच्या असतील तर तसे स्पष्ट मागा. कलम २९ मुळे अभयारण्यातून काहीही विनापरवाना हलवता येत नाही. प्राणी पकडून कॉलर लावायला कलम १२ खाली निराळी परवानगी लागते. चौशिंगा आणि नीलगाय हरणे नव्हेत, त्यामुळे त्यांच्या नोंदी हव्या असल्यास प्रजातींच्या यादीत ती नावे स्वतंत्र घाला.

पानगळीनंतर जंगलात लांबवर दिसते. पायी काम त्या काळात करता येईल अशा बेताने अर्ज पावसाळ्याआधीच पाठवा.