शहराचे उदास रॉकगीत

शहरात राहताना आलेले एकटेपण त्या शहराशीच बोलून दाखवणारे, बहुधा संथ लयीचे रॉकगीत. शहराचे वर्णन हा त्याचा हेतू नसतो. कुणीतरी दुरावलेले असते, काहीतरी सुटलेले असते आणि शहर जिथल्या तिथे असते. त्यामागची हकीकत नेमकी असेल तरच गाणे उभे राहते.

रेड हॉट चिली पेपर्स या अमेरिकन बँडचे ‘अंडर द ब्रिज’ (१९९१) हे याचे ठळक उदाहरण. व्यसन सुटल्यावर बँडमधल्या मित्रांपासून तुटल्यासारखे वाटू लागलेल्या गायक अँथनी किडिसला लॉस एंजेलिस हेच सोबती वाटले. ते त्याने कवितेच्या रूपात वहीत लिहून ठेवले होते. निर्माता रिक रुबिनने ते वाचले, तेव्हा बँडच्या आक्रमक फंकमध्ये (ठेक्यावर भर देणाऱ्या संगीतात) ही कविता बसेल का, म्हणून किडिस कचरत होता. तो पूल कोणता, हे गाण्यात नाही. शब्द उदास म्हणून गिटारवादक जॉन फ्रुशांतेने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मुद्दाम उजळ ठेवल्या. कडवे ई मेजर या उजळ वाटणाऱ्या सप्तकात आहे. उदास गाणे म्हणजे खिन्न वाटणारे मायनर सप्तकच, हा समज इथेच खोटा पडतो.

ठाणे–नवी मुंबई पट्ट्यात अशी हकीकत सहसा लोकलमध्ये सापडते. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये आली, वाशीला लोकल १९९२ मध्ये पोहोचली आणि ठाणे–वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. पण १९७० पासून सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईखाली आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरे आहेत. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई-नवघर परिसरातल्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. नोडमधल्या (सिडकोच्या वसाहतीतल्या) फ्लॅटच्या एकटेपणाइतकेच हे दुःखही या शहराचे आहे, आणि गाण्यांत ते फार कमी येते. तपशीलही तपासून घ्यावा लागतो: भर पावसातल्या गाण्यात खाडीवर फ्लेमिंगोंचे थवे आणले, तर ऐकणारा स्थानिक तिथेच थबकतो, कारण बहुतेक पक्षी पावसाआधी निघून गेलेले असतात.

मराठी शब्द बसवताना लांब सूर दीर्घ अक्षरावर टाकावा. ‘खाडी’, ‘गाडी’ सहज ताणता येतात. ‘शहर’ ताणले की ‘शहरा’ ऐकू येते. लय मिनिटाला ७२ ठोके असेल, तर डॉटेड एट्थ डिले (पाऊण ठोक्याने सूर परत ऐकवणारा प्रतिध्वनी) ६२५ मिलिसेकंदांचा लावतात.

सर्वाधिक घोटाळा मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र करताना, होतो. जॅमरूममधल्या (सरावाच्या खोलीतल्या) विजेचा ५० हर्ट्झचा हम, म्हणजे गुणगुण, गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांचा कंप टिपणाऱ्या एका वेटोळ्याच्या भागात) शिरतो आणि तो काढायला अख्ख्या मिक्सवर नॉच फिल्टर (त्या कंपनसंख्येच्या आसपासचा आवाज कापणारा) लावला जातो. बेसच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (पट्टीचा) ‘जी’ हा सूर मात्र ४९ हर्ट्झचा असतो, म्हणून तोही कापला जातो. ई मायनर–सी–जी–डी असा कॉर्डचा क्रम असेल, तर दर फेरीत ‘जी’ आला की बेसचा तळच नाहीसा होतो. फिल्टर फक्त गिटारच्या ट्रॅकवर लावावा. प्रमाण ट्यूनिंगमध्ये गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा असल्याने तिथे काही हरवत नाही. तरीही ५० च्या पटीतली १०० आणि १५० हर्ट्झची गुणगुण उरते. त्यावर हमबकर (हम रद्द करणारे दोन वेटोळ्यांचे) पिकअप वापरावे, नाहीतर वाजवणाऱ्याने हम कमी होईपर्यंत गिटारसह थोडे थोडे वळून बसायची दिशा बदलावी.