वर्गणी का देणगी? पावती सारखीच, मामला वेगळा

सोयाबीनचा चुकारा हातात आला की पावती बुकवाले दारात हजर. कधी सप्त्याचे, कधी अभ्यासिकेचे, औंदा तर स्वर्गरथाचेही, म्हणजे मयत न्यायच्या गाडीचेही, आले. अन् आपण सगळ्यालेच म्हणतो, "वर्गणी देल्ली बा." पण तसं नसते.

वर्गणी म्हणजे हिस्सा. पारावर मीटिंग होते, घरामागे 500 ठरतात, ज्याच्याकडे नगदी नाही तो पायलीभर गहू नाहीतर तुरीची दाळ देते, आणि ज्यानं देल्लं नाही त्याचं नाव यादीत बाकी म्हणून राह्यते, मग भंडाऱ्यात त्याला पंगतीत बसायलाच अवघड होते. महाप्रसाद आपणच लेकराबाळांसकट जेवतो, म्हणजे हे खर्च वाटून घेणं झालं, दान कुठून आलं त्यात? (गोळा करणाऱ्यांनी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची असते हे बहुतेक मंडळांच्या गावीही नसते.)

देणगीचा आकडा कोणी ठरवत नाही. नाही म्हटलं तरी चालते, चहा पिऊन पोट्टे पुढच्या घरी जातात. अभ्यासिकेत पोलीस भरतीचा अभ्यास करणारा पोरगा माझा नाही, तरी मी देतो. कायले? टॅक्ससाठी तर नक्कीच नाही. देणगीवर टॅक्सची सूट मिळायला संस्थेची तशी नोंदणी लागते, नगदी 2000 च्या वर धरत नाही, नव्या टॅक्स रिजिममध्ये ती सूटच नाही, आणि मुळात शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, मग आमच्या गावात मास्तर सोडले तर त्या पावतीचं करायचं काय कोणी!

खरं कारण म्हणजे पैसा कुठं गेला ते रोज येता जाता दिसते. ज्याच्या घरची मयत टेम्पोत टाकून न्यावी लागली त्याले स्वर्गरथाचं महत्त्व सांगा लागत नाही. बाबा आमट्यांचं आनंदवन वरोऱ्याला सत्तरेक वर्षांपासून उभं आहे, तिथं परक्या मुलखातले लोकंही भरवशानं देतात, पण तो भरवसा कमवायला किती वर्षं गेली. गावात हिशोब चुकला तर खजिनदाराचं घर माहीत असते, संध्याकाळी जाऊन विचारता येते. आणि फरशीवर नाव कोरून भेटते हेही आहेच, लाजायचं काय त्यात.

मागच्या साली सप्त्याची वर्गणी उरली आणि मंडळानं परस्पर अभ्यासिकेत दोन पंखे लावले. काम वाईट होतं का? नाही. पण पारावर असं भांडण पेटलं की विचारू नका. एक काकाजी सारखे म्हणत होते, "पंख्याले मी वेगळे देल्ले असते ना रे, मले इचारलं काऊन नाही?" पोरांना वाटलं म्हातारा कंजूष आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच अभ्यासिकेत ट्यूबलाइट आणून देल्ली, पावती न घेता.