मंदिर परेड: पूजा पंडितजींची, मग साहेब पुढे का?

पलटणीत प्रार्थना कोण घेतं, असं विचारलं तर बरेच जण सांगतील, "अधिकारी घेतात." मंदिर परेडच्या, म्हणजे पलटणीने एकत्र देवळात जायच्या कार्यक्रमाच्या, फोटोत दिसतंही तसंच. कमांडिंग ऑफिसर सर्वांत पुढे हात जोडून उभे आणि मागे रांगेत जवान. पण त्या एका फोटोत दोन माणसांची दोन वेगळी कामं असतात.

प्रार्थना घेणं हे धर्मगुरूचं काम. भारतीय लष्करात ही रीतसर भरतीची जागा आहे: पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू. हुद्दा नायब सुभेदाराचा, म्हणजे जेसीओ: जवान आणि अधिकारी यांच्यामधली पायरी. पंडित व्हायचं तर संस्कृतातली आचार्य पदवी लागते, किंवा शास्त्री आणि जोडीला कर्मकांडाची पदविका. निवड झाली की या सगळ्या धर्मांच्या मंडळींचं प्रशिक्षण आपल्या पुण्यात, लष्कराच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं. पंडित आणि मौलवी एकाच संस्थेत तयार होतात, हे पुणेकरांनाही फारसं माहीत नसतं. आरती, अरदास, नमाज, प्रवचन हे तर धर्मगुरूकडे असतंच. शिवाय इस्पितळातल्या जवानाजवळ बसणं, शिक्षा भोगणाऱ्याला भेटणं, अंत्यसंस्कारांना हजर राहणं हेही त्यालाच करायचं असतं. लढाईत कंपनीला हुकूम देणं मात्र त्याच्याकडे नसतं.

गोंधळ वाढतो तो परदेशी सिनेमांमुळे. अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्यात चॅप्लिन, म्हणजे तिथला धर्मगुरू, स्वतःच कमिशन मिळालेला अधिकारी असतो. तिथे "प्रार्थना घेणारा अधिकारी" हे शब्दशः खरं आहे. आपल्याकडे नाही.

आपल्याकडचा अधिकारी जवानांना मंदिरात घेऊन जातो आणि त्यांच्यात उभा राहतो. त्याचा स्वतःचा धर्म कोणता, हे तिथे मोजलं जात नाही. जवानांचा धर्म तो साहेबांचा धर्म, अशी ही जुनी रीत. शीख कंपनीचा हिंदू किंवा मुस्लिम अधिकारी बूट काढून, डोकं झाकून गुरुद्वारात बसतो. हल्ल्याच्या वेळी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची आरोळी देणारा अधिकारी मराठी असेलच असं नाही, पण आवाज त्याचाच आधी निघायला हवा. मंदिर परेडमागेही हाच विचार आहे. ज्यांना उद्या मरणाच्या तोंडी न्यायचं, त्यांच्या देवापुढे आज त्यांच्या बरोबरीने उभं राहायचं.

इथवर सगळं स्वच्छ आहे. पण उभं राहणं कुठे संपतं आणि पूजा कुठे सुरू होते? एका घोडदळ रेजिमेंटमधल्या ख्रिश्चन लेफ्टनंटच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न आला. 2017 साली कमिशन मिळालेला हा अधिकारी शीख जवानांच्या स्क्वॉड्रनमध्ये होता. त्याचं म्हणणं असं, की मी परेडला जातो, बूट आणि पट्टा काढतो, गरज असेल तेव्हा पगडी बांधतो, जवानांसोबत आवारात उभा राहतो. फक्त गाभाऱ्यात जाऊन पूजाविधी करायला मला सांगू नका. 2021 मध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बडतर्फी कायम ठेवली. न्यायालयांच्या लेखी प्रश्न वरिष्ठांचा कायदेशीर हुकूम आणि लष्करी शिस्त यांचा होता. सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संविधानाच्या 33व्या कलमाने संसदेला दिलेलाच आहे.

शिस्तीचा मुद्दा मी हलका समजत नाही. जवान आत आणि साहेब बाहेर, हे चित्र जवानांना खुपू शकतं, आणि तुटलेल्या विश्वासाची किंमत सीमेवर मोजावी लागते. तरीही माझं मत वेगळं आहे. हजेरीचा हुकूम देता येतो आणि तो पाळलाच पाहिजे. श्रद्धेचा हुकूम देता येत नाही, आणि गाभाऱ्यातला विधी श्रद्धेशिवाय केला तर त्या देवाचाही मान राहत नाही. बूट-पट्टा काढून, पगडी बांधून आवारात उभा राहिलेला अधिकारी माझ्या लेखी आपलं काम करत होता. आरतीचं तबक धरायला लष्कर धर्मगुरू भरती करतं.